भिंगरीचा मामा

३ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं आणि गुडघ्यांची तक्रारही पोचली. जिना दिवसातून एकदाच उतरत जा, असं इतक्या लांबून सांगून काय उपयोग? तू ऐकणार थोडीच आहेस.

इथली ताजी बातमी म्हणजे आम्ही मनोरंजन बागेत जाणार आहोत. भिंगरीच्या बाबांच्या कंपनीने आपल्या माणसांसाठी सहकुटुंब सहल काढलीय, येत्या वीस तारखेला. बस, जेवण, पाळण्यांची तिकिटं, सगळा खर्च कंपनीचा. आपली भाषा बोलणारी सगळी कुटुंबं एकाच बसमध्ये. पोरं हरवू नयेत म्हणून सगळ्यांना पिवळ्या टोप्या देणार आहेत. दुपारी एक वाजता सगळ्यांनी लाकडी घोड्यांच्या मेरी-गो-राउंडपाशी जमायचं आणि तिथेच जेवायचं, असं आम्हाला आणि पोरांनाही आतापासून बजावून ठेवलंय.

भिंगरीने तर घर डोक्यावर घेतलंय. पाच वर्षांची पोर, पण तोंड पन्नास वर्षांचं. 'आई, तू मोठ्या पाळण्यात बसशील ना?' म्हणून रोज विचारते. मी कसली बसतेय! पाळणा बघितला तरी माझ्या पोटात खड्डा पडतो, तुला माहीतच आहे. गेल्यावर सगळं इत्थंभूत लिहीन.

तुझी,
धाकटी


१२ मार्च

प्रिय धाकटीस,

तुझं पत्र नेहमीप्रमाणे गॅलरीत बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. समोरच्या मास्तरीणबाई, खालचे शिंपीकाका, सगळे हजर. तुझं पत्र आलं की आमच्या मजल्याला पाहुणा आल्यासारखं होतं. 'पोटात खड्डा' वाचल्यावर शिंपीकाका म्हणाले, त्या खड्ड्यात पोरगी पडू देऊ नकोस म्हणावं.

मला आठवलं, जत्रेतल्या पाळण्यात बसलीस की तू डोळे घट्ट मिटायचीस आणि पायाचे अंगठे आवळून धरायचीस. खाली उतरल्यावर अंगठ्यांत गोळे यायचे, मग ते चोळून देणार कोण? मी आणि दादा.

असो. त्याचं नाव काढलं की तू पुढची चार पत्रं फटकून लिहितेस, म्हणून काढत नाही. तो तुझ्या लग्नाला आला नाही, बाबा गेले तेव्हाही आला नाही, हे मी विसरलेले नाही. पण आपल्या तिघांत थोरला आहे तो. माणूस कायमचा वाईट राहत नाही गं.

भिंगरीला पिवळा फ्रॉक घाल, टोपीला शोभेल. डोळ्यांत तेल घालून सांभाळ तिला.

तुझी ताई


२२ मार्च

ताई,

मजेचं पत्र लिहिणार होते. आधी एक सांगून टाकते, भिंगरी सुखरूप आहे. आत्ता माझ्या मांडीला टेकून चित्र रंगवतेय. हे लक्षात ठेव आणि मगच पुढचं वाच.

सकाळ छान गेली. बसमध्ये भेंड्या झाल्या, डॉक्टरीणबाईंचा आवाज बसला. बाग म्हणजे एक गावच आहे. पाण्यात कोसळणाऱ्या होड्या, आरशांचं घर, मान मोडेल एवढा उंच आकाशपाळणा, आणि सगळीकडून एकाच वेळी वाजणारी गाणी. आमच्यातली सर्व्हेअरची बायको पुढारीणबाई झाली. पोरं पाळण्यावरून उतरली की ती बोट नाचवत पिवळ्या टोप्या मोजायची. 'अकराच्या अकरा! चला!' आणि आम्ही सगळ्या आया त्या अकरावर निर्धास्त. आपल्यात पोर चारचौघींत मिसळलं की ते कुणा एकीचं राहत नाही. दिसेल तो काका, दिसेल ती मावशी. कुणीही नाक पुसावं, कुणीही धपाटा घालावा. मीच तिला शिकवलं होतं की आपल्या भाषेत बोलणारा काका सांगेल ते निमूट ऐकायचं.

आरशांच्या घरातून बाहेर पडलो. मोजलं, अकरा. ऊन फार म्हणून जेवण घोड्यांपाशी नको, तळ्याकाठी करू असं ठरलं. तिथे पुन्हा मोजलं, अकरा. डबे उघडले. मी भिंगरीचं ताट घेऊन पिवळ्या टोपीच्या खांद्यावर हात ठेवला, 'ये गं.' टोपी वळली. खाली कुणा परक्याच मुलाचं तोंड! भिंगरीची खाली पडलेली टोपी उचलून डोक्यावर घातली होती त्याने, आणि आमच्याबरोबर वेफर्स खात हिंडत होता. केव्हापासून, ते कुणालाच सांगता येईना. मोजणी अगदी बरोबर होती ताई, आणि माझी पोर नव्हती.

 ताट तसंच टाकून धावले. पुरुष मंडळी चारी दिशांना पळाली. मला आधी पाण्याकडे जाववेना आणि पाण्याकडे न जाताही राहवेना. होडी कोसळली की लोक किंचाळत, आणि प्रत्येक किंकाळी मला तिचीच वाटे. आरशांच्या घरात पुन्हा शिरले तर चहूकडे मीच, केस सुटलेली, तोंड उघडं. एका पहारेकऱ्याला सांगू गेले तर इथल्या भाषेतला 'मुलगी' हा साधा शब्द आठवेना. नुसता हात कमरेशी धरून 'एवढी, एवढी' म्हणत राहिले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काय असतं ते मला त्या दुपारी कळलं.

शेवटी ती सापडली लाकडी घोड्यांवर. तिने शहाण्यासारखं केलं होतं. आरशांच्या घराच्या दुसऱ्याच दाराने बाहेर पडली, आम्ही दिसेनात, मग आपलं ठरलेलं ठिकाण विचारत घोड्यांपाशी गेली. चुकलो आम्ही मोठे. मी पोचले तेव्हा ती पांढऱ्या घोड्यावर बसून गोल फिरत होती, पट्टा नीट बांधलेला, आणि हातात एक भोवरा. लाकडाचा, हाताने कोरलेला, गुळगुळीत. मी विचारलं, 'कुणी बसवलं तुला?'

'मामाने.'

मी म्हटलं, काका असतील कुणी तरी. तर म्हणाली, 'मी काकाच म्हणत होते. ते म्हणाले काका नाही, मामा म्हण. ते माझी वाट बघत होते. त्यांना माझं नाव माहितीये.' आणि मग म्हणाली, 'आई, तू पाळण्यात बसलीस की पायाचे अंगठे आवळतेस ना? मामाने सांगितलं.'

भर उन्हात मला हुडहुडी भरली. तिथे आपल्यातलं कुणीच नव्हतं. घोडे चालवणाऱ्याने हातानेच दाखवलं, माणूस गेला, त्या बाजूला गेला. पहारेकरी म्हणाला, मूल मिळालं ना? मग झालं तर. भिंगरीचे बाबा म्हणतात, बसमधलं बोलणं कुणी तरी ऐकलं असेल. पण अंगठ्यांचं मी बसमध्ये बोललेच नव्हते. मी ते कुणाशीच बोललेले नाही.

तेव्हापासून दिवसाढवळ्या दाराला साखळी घालून बसते. दूधवाला आला तरी आधी फटीतून बघते. तो कोण होता? त्याला माझ्याबद्दल कसं माहीत? आणि पुन्हा आला तर? भोवरा फेकायला गेले तर पोरीने आकांत केला, म्हणून माळ्यावर ठेवलाय. तिथेही तो आहे हे मला विसरता येत नाही.

धाकटी


२ एप्रिल

अगं वेडाबाई,

तुझं पत्र वाचता वाचता घाम फुटला, आणि शेवटी आले तेव्हा खुदकन हसूच आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अंगठ्यांचं जगात तीनच माणसांना माहीत आहे. एक तू, एक मी. तिसरा कोण?

आता चिडू नकोस. दादा तुझ्याच देशात आहे, दोन वर्षं झाली. एका मोठ्या बांधकामावर क्रेन चालवतो. मला पत्रं लिहितो, मी उत्तरं देते. तुला सांगायचं नाही अशी त्याने शपथ घातली होती, तू दारातून हाकलशील म्हणून. मीच त्याला तुझा पत्ता दिला, भिंगरीचा फोटो पाठवला, आणि सहलीचं कळवलं. वीस तारीख, एक वाजता, घोड्यांपाशी, पिवळी टोपी. लिहिलं, लांबून का होईना, भाचीला बघून ये. आणि गेला गं तो! पोर एकटी दिसली तेव्हा तिला घोड्यावर बसवून, पट्टा बांधून, तुझी चाहूल लागताच पळाला असणार. भोवऱ्यावरून तर माझी खात्रीच पटली. लाकूड कोरायचा नाद लहानपणी कुणाला होता? आईच्या लाटण्याचा भोवरा करून कुणी मार खाल्ला होता?

तुला भीती वाटली ती माझ्यामुळे, त्याबद्दल कान धरते. पण आता साखळी काढ. त्याचा पत्ता खाली देतेय. दोन ओळी लिही त्याला. आनंदाच्या भरात मी हे सगळं गॅलरीत वाचून दाखवलं, मास्तरीणबाईंनी डोळे पुसले.

तुझी ताई


११ एप्रिल

दादा,

तुला काय लिहायचं हे दोन दिवस मनात घोळवतेय. आधी शिव्या लिहिल्या होत्या, तो कागद फाडला.

तू माझा जीव घेतला होतास त्या दिवशी. असं कुणी करतं का? समोर आला असतास तर मी काय तुला खाल्लं असतं? कदाचित खाल्लंही असतं. पण तू माझ्या पोरीचा पट्टा नीट बांधलास, टोपी हरवलेली असताना तिला उन्हात उभं ठेवलं नाहीस, आणि इतक्या वर्षांनीही माझे अंगठे तुझ्या लक्षात आहेत. ताईचं पत्र आलं त्या दिवशी मी भोवरा माळ्यावरून काढला आणि भिंगरीच्या हातात दिला. म्हटलं, तो तुझा खरा मामा होता बरं. ती म्हणाली, 'मला माहितीये.' आता दिवसातून दहा वेळा विचारते, मामा कधी येणार.

झालं गेलं मी विसरले. लग्नाचं विसरले. बाबांचं विसरणं कठीण आहे, ते आपण समोरासमोर बोलू. पण तू ये. पत्ता ताईने दिलाच आहे. मी घरी नसले तर शेजारीण किल्ली देईल. दुपारी आलास तर सरळ कोपऱ्यावरच्या शाळेत जा, भिंगरी तिथेच असते. तिथल्या बाईंना सांगून ठेवलंय की मामा घ्यायला आले तर सोडा. तुला बघून तिला किती आनंद होईल!

बाबांच्या मागे माहेरचं म्हणून माझ्या दारात कुणी आलं नाही. ये.

धाकटी


१५ एप्रिल

धाकटे,

मी त्या बागेत गेलो नव्हतो.

घाईत लिहितोय. कामगारांच्या वस्तीचं फाटक बंद झालंय, सकाळपर्यंत आम्हाला बाहेर सोडत नाहीत. ट्रकचा ड्रायव्हर तुझ्या गावावरून पहाटे जाणार आहे, त्याच्या हातापाया पडून हे देतोय.

वीस तारखेला स्लॅबचं काम होतं, सुटी मिळाली नाही. खरं सांगायचं तर सुटी मागायचं धाडसच झालं नाही. तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो? गेला तो दुसराच कुणी, आणि तो कोण ते मला ठाऊक आहे.

आमच्या खोलीत सहा खाटा. इथली रीत अशी की पत्र एकाचं नसतं, खोलीचं असतं. एखाद्याला वाचता येत नाही, एखाद्याला कुणी पत्रच लिहीत नाही. म्हणून ज्याला पत्र येईल त्याने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि तो कामावर असेल तर ज्याच्या हाती लागेल त्याने फोडायचं. ताईची पत्रं मी वाचायचो, मग तुमच्या गोष्टी निघायच्या. पाळणा, अंगठे, लाटणं, सगळं. आमच्यात एक सुतार आहे. हाताला चांगला, बोलायला कमी. त्याला कधी कुणाचं पत्र येत नाही. तो सगळ्यांत लक्ष देऊन ऐकायचा. संपलं की म्हणायचा, परत वाच ना ते भाचीचं. मला बरं वाटायचं, आपल्या माणसांचं कुणाला तरी कौतुक आहे म्हणून.

वीस तारखेला तो पोटात दुखतं म्हणून कामावर आला नव्हता. तो भोवरा माझा नव्हे, लाकडाला मी कित्येक वर्षांत हात लावलेला नाही.

आज कामावरून आलो तर त्याची खाट रिकामी, पेटी गायब. माझ्या उशीखालचा भिंगरीचा फोटो गायब. आणि तुझं हे पत्र फोडून खाटेवर ठेवलेलं. धाकटे, शाळेचं त्याने वाचलंय.

पोरीला नजरेआड करू नकोस. शाळेत पाठवू नकोस. मी सकाळी फाटक उघडलं की निघतोच. दार कुणालाही उघडू नकोस. मीच आलोय हे ओळखायला तुला काही खूण द्यावी म्हटलं, तर कुठली देऊ? मला आठवतं ते सगळं मी या खोलीत बोलून बसलोय. माझ्याकडे आता फक्त माझं तोंड आहे. ताईला फोटो पाठवला होता तेव्हा ती म्हणाली, बाबांवर गेलायस. ते बघ आणि मगच साखळी काढ.

दादा


१९ एप्रिल

ताई,

भिंगरी घरात आहे, माझ्यासमोर आहे. तरी सगळं लिहिते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय हे पोटात राहणार नाही.

ट्रकवाल्याला उशीर झाला. तो आला तेव्हा भिंगरी शाळेत गेलेली होती. दार वाजलं तसं दादाच आला म्हणून मी धावत उघडलं, पिठाच्या हातांनी. चिठ्ठी उभ्यानेच वाचली. पायात काही घालायचंही सुचलं नाही.

शाळेतल्या बाई हसतमुखाने समोर आल्या. 'मामा आलेत ना! आत्ताच गेले दोघं.' मी काय बोलले मला माहीत नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं एवढं आठवतं. त्या एका बाजूला पळाल्या, मी एका बाजूला. रस्त्यावर गाड्या, दुकानं, माणसं, सगळं रोजचंच, आणि कुठेही ती नाही. मला वाटत होतं, या वेळी मोजणारी मीच होते. मीच त्याला बोलावलं, पत्ता दिला, वेळ सांगितली. बागेत निदान चूक सगळ्यांची होती.

शाळेच्या मागे लहान मुलांसाठी चार झोपाळे आहेत. तिथे ती झोका घेत होती. तो मागे उभा राहून हळूहळू झोका देत होता. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी, पायाशी पेटी. लग्नाला निघाल्यासारखा. ती हसत होती ताई, आणि मला तिचं हसू ऐकून ओरडताही येईना. मी पुढे गेले तसा त्याने झोका हाताने हळू हळू थांबवला, तिला हिसका बसू नये म्हणून. मी तिला उचललं. मला म्हणाला, 'मी कुठे नेणार नव्हतो.'

मी मागे सरकत होते. त्याने खिशातून फोटो काढला, बघितला, आणि परत खिशात ठेवला. म्हणाला, 'त्याला तुम्ही ये म्हणून लिहिलंत. तो दोन वर्षं नुसता रडतोय. मला वाटलं, मी तर येऊ शकतो.' आवाजात राग नाही, काही नाही. मग पेटी उचलली आणि गेला.

पोलिसांत गेलो. त्यांनी विचारलं, मारलं का? नाही. ओढून नेलं का? नाही. तुम्हीच शाळेत सांगितलं होतं ना? हो. मग त्यांनी लिहून घेतलं आणि पुन्हा दिसला तर सांगा म्हणाले. तो वाईट असता तर मला निदान कळलं असतं की कशाची भीती धरायची. एवढ्या हळुवार हाताने झोका थांबवणारा माणूस उद्या काय करेल, हे मला सांगता येत नाही. भीती माझ्या हाडांत जाऊन बसलीय.

दादा त्याच दुपारी आला. मी साखळी न काढता फटीतून पाहिलं. बाबाच उभे होते गं. तीच कपाळावरची आठी, तेच कानांवरचे पांढरे केस. त्याने माझं नाव घेतलं नाही, काही आठवण सांगितली नाही. बहुतेक मुद्दाम. नुसता तोंड दाखवत उभा राहिला, मी हवा तेवढा वेळ बघावं म्हणून. मग मी साखळी काढली आणि आम्ही दोघं उंबऱ्यातच रडलो. सगळी भांडणं जागच्या जागी राहिली.

भिंगरी माझ्यामागे लपली होती. मी म्हटलं, ये, हा बघ मामा. हा खरा. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, 'हा नाही. मामा दुसरा आहे.' दादाने हात पुढे केला तर किंचाळली, थरथर कापायला लागली. बागेत मी जशी कापले होते तशीच. परका माणूस घरात शिरलाय असं तिला वाटतंय.  दादा दाराशी सतरंजी घालून बसलाय, तीन दिवस झाले, तिथेच जेवतो. पोर त्याच्याजवळून जाताना भिंतीला चिकटून जाते. दर वेळी दार वाजलं की आम्ही दोघं दचकतो, आणि ती आनंदाने उठून उभी राहते.

घर बदलायचं ठरवलंय. नवा पत्ता दादा स्वतः तिकडे येईल तेव्हा तुझ्या कानात सांगेल, कागदावर लिहिणार नाही. आणि ताई, तुला गॅलरीतली सवय सोडणं जड जाईल, मला माहीत आहे. मास्तरीणबाई विचारतील, शिंपीकाका खुर्ची घेऊन येतील. ती सगळी चांगली माणसं आहेत. पण हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझी,
धाकटी